जुना हॉलिवूड, बायको आणि एक ब्लाउज

मध्यंतर (शनिवार, रात्री ११:१०)

मंडळी, लिहीन लिहीन म्हणता वर्ष गेलं. आज बायको माहेरी गेली आहे, तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

मला जुन्या इंग्रजी सिनेमांचं वेड लागलं ते कार्टून नेटवर्कमुळे. चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल, नव्वदच्या दशकात रात्री कार्टून आटपली की त्याच चॅनेलवर जुने इंग्रजी सिनेमे दाखवणारं टीएनटी सुरू व्हायचं. धाकटा भाऊ चडफडत उठायचा, मी बसून राहायचो. सबटायटल नसायची, निम्मे संवाद डोक्यावरून जायचे, तरी ती हॅटवाली माणसं आणि तो सिगरेटचा धूर बघत राहावंसं वाटायचं.

१९९८ साली लग्न झालं. पहिल्याच महिन्यात मी 'सिटिझन केन' (१९४१) ची व्हीसीडी आणली. नव्या सुनेला पहिल्या दिवशी पुरणाचा घाट घालायला लावावा तसला प्रकार, पण तेव्हा अक्कल कुठे होती. विसाव्या मिनिटाला ती झोपली. शेवटी जाग आली तेव्हा विचारते, "मेला का तो?" तो सिनेमा सुरू होतो तेव्हाच मेलेला असतो.

मग पंचवीस वर्षं आमचे मार्ग वेगळे. मी हॉलमध्ये हेडफोन लावून, ती आतल्या खोलीत मशीनवर. ती ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, दुपारी शिवणक्लास घेते. "तुमचे ते काळे-पांढरे" एवढाच माझ्या छंदाचा घरातला उल्लेख.

गेल्या पावसाळ्यात आतल्या भिंतीला अशी ओल आली की मशीन हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी आणावं लागलं. मी 'रोमन हॉलिडे' (१९५३) लावला होता. ती तुरपाई करत खाली मान घालून बसली होती. ऑड्री हेपबर्नची राजकन्या राजवाड्यातून पळून रोमभर हिंडू लागली, तेव्हा मशीनच्या बाजूने आवाज आला, "अहो, थांबवा जरा."

मी थांबवलं. बाई उठून टीव्हीसमोर गेल्या. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला.

"एकाच ब्लाउजवर दिवस काढलाय हिने. बघा ना. सकाळी बाह्या मनगटापर्यंत होत्या. मग दुमडल्या. मग गळ्याचं बटण गेलं. आता रुमाल बांधला. स्कर्ट तोच आहे. कपडे न बदलता बाई बदलली."

मी हा सिनेमा किमान पंधरा वेळा पाहिलाय. हेपबर्नचे कापलेले केस पाहिले, स्कूटर पाहिली, 'सत्याच्या मुखा'त, म्हणजे रोममधल्या त्या दगडी तोंडात, हात घातल्यावर ग्रेगरी पेकने हात बाहीत लपवला आणि ती खरोखरच दचकली, हेही मला पाठ. बाह्या मात्र कधी दिसल्या नव्हत्या.

वेशभूषा कोणाची ते शोधलं. एडिथ हेड. या सिनेमासाठी तिला ऑस्कर मिळालंय, आणि आयुष्यभरात एकूण आठ. बायको म्हणाली, "ह्या बाईचं अजून काय आहे?"

तर प्रश्न असा, की पुढे काय दाखवू? संवाद फार भरभर नकोत (ती मराठी माध्यमाची, वाईची, इंग्रजी सबटायटल वाचते पण तिला वेळ लागतो). तुमच्याकडे नवऱ्याला किंवा बायकोला या नादाला कसं लावलंत, तेही लिहा. हातघाईवर आला असाल तर तेही.

चाळकरी (शनिवार, रात्री ११:४२)

'रिअर विंडो' (१९५४). विचार करायचं काम नाही.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो, बायको साताऱ्याकडची, स्वतःचं घर, मागे परसू. तिला मी हिचकॉक म्हणून नव्हे तर "आमची चाळ बघ" म्हणून हा सिनेमा दाखवला. जेम्स स्टुअर्ट पाय प्लास्टरमध्ये घालून खिडकीत बसलाय आणि समोरच्या बिऱ्हाडांत काय चाललंय ते बघतोय. एकटी बाई दोन ताटं मांडून कोणी आल्याचं नाटक करते. नवं जोडपं पडदा ओढून घेतं. कोणी पियानो बडवतो. उकाड्याने एक जोडपं बाहेर जिन्यावर गादी टाकून झोपतं. आम्ही गॅलरीत झोपायचो तस्सं!

बायकोचा पहिला प्रश्न, "ही माणसं पडदे का लावत नाहीत?" म्हटलं, बाई गं, उकडतंय. आणि पडदा लावला तर सगळ्यांना कळतं ना की आत काहीतरी चाललंय.

अख्खं अंगण, वरचे मजले, जिने, सगळं पॅरामाउंटच्या स्टुडिओत बांधलेलं आहे. कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ त्या एका खोलीतूनच बघतो. आमच्या चाळीतही कोपऱ्यातल्या खोलीत एक आजोबा दिवसभर असेच बसायचे. कोणाकडे किती दूध येतं इथवर माहिती.

आणि वहिनींना सांगा, ग्रेस केलीचे कपडे एडिथ हेडचेच आहेत. ती पहिल्यांदा येते तेव्हाचा काळा-पांढरा घेरदार ड्रेस बघून माझी बायको म्हणाली, "प्लास्टरवाल्या माणसाला भेटायला कोण असं जातं?" हा सिनेमा रंगीत आहे, त्यामुळे 'काळे-पांढरे' ही हरकतही निकालात.

तपशीलवार (रविवार, सकाळी ७:०५)

छान धागा. एक भर.

एडिथ हेडबद्दल वहिनींचं मत फार चांगलं होण्याआधी 'सब्रीना' (१९५४) दाखवा. त्यात हेपबर्न पॅरिसहून परत येते ते कपडे झिवाँशी या तरुण फ्रेंच ड्रेस डिझायनरने केले होते. श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. ऑस्कर एडिथ हेडला.

'रोमन हॉलिडे'च्या कथेचीही तीच गत, फक्त कारण वेगळं. मूळ कथा डाल्टन ट्रम्बोची. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून जे काळ्या यादीत गेले त्यातला हा मोठा लेखक. तुरुंगातही जाऊन आला होता. त्याचं नाव लावणं शक्यच नव्हतं, म्हणून मित्र इयन मॅकलेलन हंटरच्या नावाने कथा गेली आणि हंटरच्या नावानेच ऑस्कर मिळालं. ट्रम्बो १९७६ मध्ये वारला. अकादमीने ते ऑस्कर त्याच्या नावाने दिलं १९९३ मध्ये, त्याच्या पत्नीच्या हाती.

सडेतोड (रविवार, सकाळी ९:३०)

आमच्या प्रभातचे सिनेमे बायकोला दाखवलेत का आधी? की साहेबाच्या राजकन्येचा ब्लाउजच बघायचा? गमतीत घ्या, पण प्रश्न खरा आहे.

हडसनपार (रविवार, सकाळी १०:१५)

सडेतोड, काल रात्री तुम्ही काय पाहिलंत ते आधी सांगा. :)

मध्यंतर, आमच्याकडे उलटं आहे. मी वेडी, नवरा शहाणा. राहायला न्यू जर्सीत, त्यामुळे नदी ओलांडली की मॅनहॅटनमध्ये फिल्म फोरम आहे, तिथे जुने सिनेमे मोठ्या पडद्यावर बघता येतात. नवरा संगणकवाला, त्याला प्रत्येक गोष्ट तर्काला धरून लागते. 'कॅसाब्लांका' (१९४२) बघून म्हणाला, "ती प्रवासाची कागदपत्रं एवढी अचूक होती तर आधीच कोणी का नाही वापरली?" मी दोन दिवस अबोला धरला होता.

मग एका हिवाळ्यात त्याला 'द बिग स्लीप' (१९४६) ला ओढून नेलं. बोगार्ट आणि लॉरेन बकॉल, पाऊस, खून, खंडणी, कोण कोणाचं काय लागतं पत्ता लागत नाही. मला वाटलं होतं चिडेल. परतीच्या गाडीत हा गप्प. मग म्हणतो, "सगळं जुळवलं मी, पण ड्रायव्हरला कोणी मारलं?"

मला हसू आवरेना. चित्रीकरणाच्या वेळी हाच प्रश्न पडला होता, तेव्हा मूळ कादंबरीकार रेमंड चँडलरला विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं! हे सांगितल्यावर नवऱ्याची छाती अशी फुगली, जणू कोडमधला बग ह्याने एकट्याने पकडला. तेव्हापासून हा जुन्या रहस्यपटांतल्या चुका काढायला माझ्यासोबत येतो. येतो ना? झालं तर.

(अवांतर: त्या दोघांचं चित्रीकरणाच्या काळातच जुळलेलं होतं, १९४५ मध्ये लग्न झालं. पडद्यावर दिसतंच. तिथे मात्र आमचे हे तर्क लावत नाहीत.)

रिमोट_कोणाकडे (रविवार, दुपारी १२:५०)

कोणीतरी हे लिहायलाच हवं. जुने सिनेमे दाखवायच्या आधी टीव्हीची सेटिंग बघा.

आमच्याकडे सासरे आले की दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या बघून अस्वस्थ होतात. "एवढे पैसे देऊन मोठा टीव्ही घेतला आणि अर्धा बंद?" मग रिमोट घेऊन चित्र ताणतात. हम्फ्री बोगार्ट, आधीच तो बारका, त्याचं तोंड टम्म पुरीसारखं. त्या काळच्या चित्राची चौकटच चौकोनाच्या जवळची होती, रुंदी उंचीच्या सव्वा-दीडपटीच्या मध्ये, १.३७. पट्ट्या असायलाच हव्यात. बायकोला हे समजावताना मी कागदावर आकृती काढली आणि पुढचा अर्धा तास तिने चौकटीत कोण कुठे उभं आहे तेच बघितलं. कथा विचारू नका.

बाकी 'ब्रीफ एन्काउंटर' बघाच जोडीने. रेल्वे स्टेशन, चहा, डोळ्यात गेलेला कण. रडाल.

तपशीलवार (रविवार, दुपारी १:०२)

'ब्रीफ एन्काउंटर' (१९४५) ब्रिटिश आहे. डेव्हिड लीन. हॉलिवूडचा नव्हे.

रिमोट_कोणाकडे (रविवार, दुपारी १:०५)

डोळ्यातला कण मात्र तोच. :D

निवृत्त_बाई (रविवार, दुपारी ४:२०)

मी इथे फार लिहीत नाही, वाचते. पण सडेतोड यांच्या प्रश्नावरून लिहावंसं वाटलं.

आमचं लग्न १९७४ चं. परळला दहा बाय बाराची खोली, सासू-सासरे, धाकटा दीर आणि आम्ही. रात्री मध्ये दोरी बांधून चादर टाकायची. चादरीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे सासऱ्यांचं घोरणं. कितीतरी वर्षांनी, मुलाने लॅपटॉप दिल्यावर, आम्ही दोघांनी 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) पाहिला. त्यात क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोलबर्ट यांना लग्न झालेलं नसताना एका खोलीत राहावं लागतं, तेव्हा तो मध्ये दोरी बांधून तिच्यावर कांबळं टाकतो आणि त्याला 'जेरिकोची भिंत' म्हणतो. आमचे हे एवढे हसले की ठसका लागला. म्हणाले, "ह्यांचं लग्न व्हायचंय म्हणून भिंत, आपलं झालं होतं तरी भिंत!" त्यानंतर आमच्या घरात चादर वाळत घातली की तिला जेरिकोच म्हणतात. हिंदीत 'चोरी चोरी' (१९५६) याच गोष्टीवर बेतलेला आहे; तो मी मुलगी असताना आईबरोबर पाहिला होता, तेव्हा काहीच कळलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. मुलं दोन्ही बाहेर आहेत. मागच्या वर्षी आम्ही 'मेक वे फॉर टुमॉरो' (१९३७) पाहिला. म्हातारा-म्हातारीचं घर बँकेकडे जातं. पाच मुलं, पण दोघांना एकत्र ठेवायला कोणाकडे जागा नाही. म्हणून आई एकाकडे, बाबा दुसरीकडे. सून घरी ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचा क्लास घेत असते आणि म्हातारी तिथेच बसून मोठ्याने फोनवर नवऱ्याशी बोलते. आधी सगळे अवघडतात, मग एकेक जण खाली बघू लागतो. वाईट कोणीच नाही त्यात. तीच तर पंचाईत.

आपल्याकडे राजा परांजपे यांचा 'ऊन पाऊस' (१९५४) आठवतो ना? तोही असाच, निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको मुलांमध्ये वाटली जातात. सडेतोड, आम्ही दोन्ही पाहिले. एका रविवारी हा, पुढच्या रविवारी तो. भांडण लावायची गरज पडली नाही.

शेवटी ती दोघं न्यूयॉर्कमध्ये, पन्नास वर्षांपूर्वी मधुचंद्राला आली होती त्याच हॉटेलात, एक संध्याकाळ घालवतात. नाचायला उठतात तर नवीन ठेक्याचं काहीतरी सुरू होतं, आणि त्यांना पाहून वादक पुन्हा वॉल्ट्झ धरतो. मग स्टेशन. पुढचं सांगत नाही. दिग्दर्शक लिओ मॅकॅरी. त्याच वर्षीच्या दुसऱ्याच एका विनोदी सिनेमासाठी त्याला ऑस्कर मिळालं, तेव्हा तो म्हणाला की तुम्ही चुकीच्या चित्रपटासाठी देताय.

सिनेमा संपल्यावर यांनी उठून चहा केला. एरवी करत नाहीत.

सडेतोड (रविवार, संध्याकाळी ५:००)

बाई, 'ऊन पाऊस'चं नाव काढलंत, मी शस्त्रं खाली ठेवली. आणि काल रात्री 'सम लाइक इट हॉट' पाहत होतो, हे कबूल करतो. 'बनवाबनवी' त्यावरूनच उचललाय ना?

तपशीलवार (रविवार, संध्याकाळी ५:०८)

नाही. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) चा उगम हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' (१९६६). 'सम लाइक इट हॉट' (१९५९) वरून बेतलेला हिंदी सिनेमा म्हणजे 'रफू चक्कर' (१९७५).

अजून एक. 'सम लाइक इट हॉट' कृष्णधवल ठेवला कारण रंगीत चाचणीत जॅक लेमन आणि टोनी कर्टिस यांचा बायकी मेकअप हिरवट दिसत होता.

चाळकरी (रविवार, संध्याकाळी ५:१५)

तपशीलवार, तुमच्या घरी सिनेमा कोण बघतं हो तुमच्याबरोबर?

तपशीलवार (रविवार, संध्याकाळी ५:४०)

बायको. माझा सगळा तपशील तिचाच आहे. मी फक्त टंकतो.

मध्यंतर (सोमवार, रात्री १०:३०)

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. धाग्याची वाचनखूण साठवली आहे.

बायको परत आली. झिवाँशीची हकीकत वाचून दाखवली. एडिथ हेडवर राग धरेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "शिवलं एकाने, बिल दुसऱ्याच्या नावावर. मी दुकानाची कामं करायचे तेव्हा माझे ब्लाउज कोणाच्या नावावर जायचे?" मग थोड्या वेळाने, "पण ती तरी काय करणार, तिच्या खात्यातून गेले ना कपडे." निकाल राखून ठेवलाय.

निवृत्त_बाई, तुमचा प्रतिसाद तिने स्वतः वाचला. काही बोलली नाही. वाईला फोन लावला.

हडसनपार (मंगळवार, पहाटे ५:५०)

मध्यंतर, वहिनींना तीसच्या दशकातला 'डिनर अॅट एट' (१९३३) दाखवाल का? जीन हार्लोचा पांढरा सॅटिनचा गाऊन. तिथे एडिथ हेड नाही, एमजीएम स्टुडिओचा वेशभूषाकार एड्रियन आहे. मला शिवणातलं कळत नाही, पण तो कपडा अंगावर ओतल्यासारखा का दिसतो हे मला कोणीतरी सांगा.

मध्यंतर (मंगळवार, रात्री ९:१५)

विचारलं. फोनवर एक फोटो दाखवला फक्त. एका क्षणात उत्तर: "उरेब आहे." म्हणजे कापड सरळ धाग्यात न कापता तिरकं कापलेलं. तिरकं कापलं की ताणतं, अंगाबरोबर पडतं. "कापड मात्र खूप खातं. आणि उरेब शिवताना पट्टी लाटेसारखी होते, सैल हाताने शिवावं लागतं. हे ज्याने शिवलं त्याला दंडवत." मग पाच मिनिटं फोन तिच्याकडेच होता.

तिचा तुम्हा सगळ्यांना एक प्रश्न. आम्ही 'द थिन मॅन' (१९३४) अर्धा पाहिला. विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय, नवरा-बायको, दिवसभर दारू, चेष्टामस्करी, मध्ये एक कुत्रा, आणि सवडीने खुनाचा तपास. तिला फार आवडले दोघं. पण, "एवढं छान जमतंय तर पलंग वेगळे का? भांडण झालंय का?"

तपशीलवार (मंगळवार, रात्री ९:४०)

त्या काळचे संकेत. हॉलिवूडने स्वतःवर घालून घेतलेली एक आचारसंहिता होती, १९३० मध्ये लिहिलेली, १९३४ च्या मध्यापासून कडकपणे लागू झाली. चुंबन लांबवायचं नाही, गुन्हेगार सुटता कामा नये, असं बरंच काही. नवरा-बायकोही एका पलंगावर दाखवायचे नाहीत असा रिवाज पडला होता. 'थिन मॅन' कडक अंमल सुरू होण्याच्या किंचित आधीचा, तरी पलंग दोनच.

(ही म्हणते, हेही लिहा: त्या दोघांनी मिळून चौदा सिनेमे केले, आणि लोकांना ती खरंच नवरा-बायको वाटायची.)

निवृत्त_बाई (मंगळवार, रात्री १०:००)

दोन पलंग म्हणजे श्रीमंती हो. आम्हाला एक नव्हता.

मध्यंतर (रविवार, सकाळी ११:२०)

ताजी खबर. काल 'ऑल अबाउट ईव्ह' (१९५०). सव्वादोन तासांहून मोठा आणि संवाद भरमसाट, त्यामुळे दोन हप्त्यांत. पार्टीच्या प्रसंगात बेट डेव्हिस खांद्यांवरून उतरलेल्या गळ्याच्या ड्रेसमध्ये जिन्यावर उभी राहते, तिथे मी मुद्दाम थांबवलं आणि एडिथ हेडने स्वतः सांगितलेली गोष्ट सांगितली. तो गळा तसा नव्हताच. चौकोनी असायचा होता. घाईत माप चुकलं, ड्रेस खांद्यावर राहीना, आणि चित्रीकरण तोंडावर. हेडला घाम फुटला. बेट डेव्हिसने आरशासमोर गळा खाली ओढला आणि म्हणाली की असाच जास्त चांगला दिसतोय.

बायकोने ते दृश्य तीनदा मागे घेऊन पाहिलं. मुंढ्यापाशी कापड कसं गोळा झालंय ते मला दाखवलं. खरंच दिसतं, एकदा कळलं की.

आज सकाळी एक गिऱ्हाईक बाई आल्या. त्यांच्या ब्लाउजचा गळा अर्धा इंच रुंद झालाय, खांद्यावरून घसरतो. मी पेपरमागून म्हणालो, "बेट डेव्हिससारखा खाली ओढून बघा." गिऱ्हाईक बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पेपर वर केला. बायको हसू दाबत उसवायला बसली. त्या गेल्यावर म्हणाली, "तिच्याकडे एडिथ हेडचं नाव होतं. माझ्याकडे बुधवारचा वायदा आहे."

आतली भिंत वाळली आहे. रंगारी उद्या येतोय.

चाळकरी (रविवार, सकाळी ११:३५)

मध्यंतर, 'रिअर विंडो'चं काय झालं ते सांगितलं नाहीत. आणि बायकोचे दोन ब्लाउज टाकायचे आहेत वहिनींकडे, एक भाचीच्या लग्नाचा. व्यक्तिगत निरोप पाठवतो. अस्तरासकट किती होतील?